६४० केबीची वाटणी : जुन्या संगणकातली मेमरीची भांडणं इतिहास म्हणून कशी वाचायची?

समजा, नांदुऱ्यातल्या एखाद्या छापखान्याच्या, पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या माळ्यावर १९९३-९४ च्या सुमाराचा एक संगणक पडून आहे. तुमचा विषय आहे ‘बुलढाणा जिल्ह्यातील लहान शहरांमधील संगणकीकरण’. गाइडनी विषयाला मान डोलावली आहे, पण साधनं कुठं आहेत हा प्रश्न उरलाच आहे. तुम्ही यंत्र खाली उतरवता, धूळ पुसता, वीज जोडता. पडद्यावर मेमरी मोजली जाते, दोन-तीन ओळी येतात आणि यंत्र गप्प होतं. पुढं काहीच नाही.

इथं बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर ‘खराब आहे’ म्हणून यंत्र सोडून देतात, नाहीतर एखाद्या जाणकाराकडं नेतात आणि तो सगळं पुसून नव्यानं डॉस टाकून देतो. दोन्हींत साधन जातं. म्हणून हा लेख. यंत्र असं का अडतं, ते सोडवायचं कसं, आणि सोडवण्याआधी त्यात काय वाचायचं, हे क्रमानं बघू. माझा मुद्दा थोडक्यात सांगायचा तर असा: मेमरी ड्रायव्हरचं भांडण म्हणजे १९८१ साली वरच्या पातळीवर झालेल्या एका वाटणीचं शेवटच्या माणसानं फेडलेलं देणं आहे. त्या फेडीच्या नोंदी यंत्रातल्या एका छोट्या फाइलमध्ये ओळीओळीनं लिहिलेल्या असतात.

वाटणी कशी झाली

आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर झाला. त्यात इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्याला पत्ते दाखवायच्या २० वाहिन्या होत्या, म्हणजे तो एकूण १ एमबी जागेपर्यंतच पोचू शकत होता. या १ एमबीची, म्हणजे १०२४ केबीची, वाटणी रचनाकारांनी अशी केली: खालचे ६४० केबी प्रोग्रॅमसाठी आणि वरचे ३८४ केबी यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी. पडद्यावरचं चित्र, वेगवेगळी कार्डं आणि यंत्र सुरू करणारा कायमचा कोड हे सगळं या वरच्या भागात.

तेव्हाच्या नजरेनं बघा. या संगणकाचं सर्वांत साधं मॉडेल १६ केबी मेमरीचं होतं. मुख्य बोर्डावर फार तर ६४ केबी बसत. अशा वेळी ६४० म्हणजे चिक्कार. ‘कुणालाही ६४० केबी पुरेत’ अशा अर्थाचं एक वाक्य बिल गेट्सच्या नावावर खपवलं जातं. ते त्यानं कुठं, कधी म्हटलं याचा मूळ पुरावा कुणी दाखवलेला नाही आणि गेट्सनं स्वतः ते नाकारलेलं आहे. प्रबंधात ते वाक्य वापरायचा मोह होईल, तो टाळा. व्हायवाला पहिला प्रश्न त्यावरच येईल.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हे सातबाऱ्यासारखं आहे. ६४० केबी ही वहितीची जमीन आणि ३८४ केबी ही पोटखराब. त्याच गटात असलेली, पण पेरणीला न धरलेली. जोवर कुटुंब लहान होतं तोवर पोटखराबाकडं कुणी बघितलं नाही.

कुटुंब फार लवकर वाढलं. १९८३ मध्ये लोटस १-२-३ हा हिशेबाचा प्रोग्रॅम आला आणि मोठमोठे तक्ते करणाऱ्यांना ६४० केबी अपुरे पडू लागले. दुसरीकडं प्रोसेसर पुढं गेले होते. १९८२ चा ८०२८६ हा १६ एमबीपर्यंत पोचत होता आणि १९८५ चा ८०३८६ हा ४ जीबीपर्यंत. म्हणजे जागा होती, पण डॉस आणि त्यावरचे हजारो प्रोग्रॅम जुन्याच वाटणीवर उभे होते. वाटणी मोडली तर ते सगळे बंद पडणार. मग कंपन्यांनी वाटणी तशीच ठेवली आणि बाजूनं वाटा काढल्या.

पहिली वाट १९८५ ची. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ठरवलेली एक्सपांडेड मेमरी, म्हणजे ईएमएस. वरच्या पोटखराबात ६४ केबीची एक खिडकी ठेवायची आणि बाहेरच्या मेमरीचे १६-१६ केबीचे तुकडे आळीपाळीनं तिच्यातून दाखवायचे. १९८७ मध्ये तिची ४.० ही आवृत्ती आली. दुसरी वाट १९८८ ची, एक्सएमएस. १ एमबीच्या वरची मेमरी सरळ वापरायची, पण तिचा हिशेब एकाच कारभाऱ्यानं ठेवायचा. हा कारभारी म्हणजे हायमेम नावाचा ड्रायव्हर.

त्यात आणखी एक गुंतागुंत. जुन्या ८०८८ मध्ये १ एमबीच्या टोकाला पोचलं की पत्ता परत शून्यावर यायचा आणि काही प्रोग्रॅम या सवयीवर अवलंबून होते. १९८४ च्या पीसी/एटीमध्ये पुढची जागा खुली झाली, तेव्हा या जुन्या प्रोग्रॅमसाठी आयबीएमनं एकविसाव्या वाहिनीवर एक फाटक बसवलं. मोजणी शून्यापासून असल्यानं तिचं नाव ए२०. फाटकाची किल्ली कुणाकडं दिली? तर कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकडं, कारण तिथं एक वाहिनी रिकामी होती. म्हणून आजही जुन्या यंत्रावर हायमेम ‘ए२० ताब्यात येत नाही’ अशी तक्रार करतो, तेव्हा तो १९८४ च्या त्या जुगाडाबद्दल बोलत असतो.

जून १९९१ मध्ये डॉस ५ आला आणि पोटखराब जमीन अधिकृतपणे वहितीखाली आली. ईएमएम३८६ हा ड्रायव्हर वरच्या ३८४ केबीत कुठं कुठं रिकामी जागा आहे ते शोधायचा, तिथं मेमरी भरायचा आणि मग माउस, नेटवर्क वगैरेंचे ड्रायव्हर तिथं वर चढवता यायचे. खालचे ६४० केबी तेवढे मोकळे. पण ‘रिकामी’ कशाला म्हणायचं? भांडणाचं मूळ या प्रश्नात आहे.

एका गटावर दोन सातबारे

हिशेब करून बघा. वरच्या ३८४ केबीतले पहिले १६० व्हीजीए पडदा आणि त्याचा रॉम यांचे. शेवटचे ६४ यंत्राच्या बायोसचे. मध्ये उरले १६०. त्यातले ६४ ईएमएसची खिडकी घेते. उरलेल्या ९६ केबीत नेटवर्क कार्ड, हार्ड डिस्कचं एखादं वेगळं कार्ड, स्कॅनरचं कार्ड आणि आपले वर चढवलेले ड्रायव्हर.

यातली पुष्कळशी कार्डं आपली जागा कार्डावरच्या जंपरनं ठरवतात. जंपर म्हणजे दोन टाचण्यांवर बसवायची बारकी टोपी. ईएमएम३८६ सुरू होताना जागा तपासतो, पण एखादं कार्ड त्या क्षणी शांत असेल तर ती जागा त्याला रिकामी वाटते. तो तिथं मेमरी भरतो. नंतर कार्ड जागं होतं आणि आपल्याच जागेवर लिहायला जातं. एका गटावर दोन सातबारे निघाले की जे होतं तेच इथं होतं, फक्त इथं कोर्टात वीस वर्षं जात नाहीत. यंत्र त्याच क्षणी थांबतं.

दुसरा प्रकार दोन कारभाऱ्यांचा. ईएमएम३८६ आणि क्वार्टरडेक कंपनीचा क्यूईएमएम यांचं काम एकच. दोन्ही एकाच यंत्रात एका वेळी चालू शकत नाहीत. एकानं डॉस बसवला, दुसऱ्यानं नंतर क्यूईएमएम आणला आणि जुनी ओळ काढायची राहिली, की यंत्र अडलंच.

आपल्याकडं हा त्रास आणखी वाढण्यासारखी परिस्थिती होती. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या संगणक धोरणानंतर सुटे भाग आयात करणं सोपं झालं आणि जुळवून, म्हणजे असेंबल करून, संगणक विकणाऱ्यांचा धंदा वाढला. मोठी कंपनी आपल्या कारखान्यात सगळी कार्डं एकत्र चालवून बघते. जुळवलेल्या यंत्रात बोर्ड एकाचा, पडद्याचं कार्ड दुसऱ्याचं, डिस्कचं तिसऱ्याचं. ही सगळी मंडळी पहिल्यांदा एकत्र यायची ती ग्राहकाच्या टेबलावर. ती भांडली तर सोडवायला तिथं ऑपरेटर होता आणि फार तर शहरातून महिन्यातून एकदा येणारा इंजिनियर.

मराठीला जागा जास्त लागायची

हा भाग इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाही, म्हणून नीट लक्ष द्या. डॉसच्या साध्या पडद्यावर रोमन अक्षरं दाखवायला प्रोग्रॅमला काहीच कष्ट नव्हते. अक्षरांचे आकार पडद्याच्या कार्डातच कोरलेले होते. २५ ओळी, प्रत्येकीत ८० घरं आणि प्रत्येक घरात २५६ चिन्हांपैकी एक. देवनागरी या घरांत बसत नाही. वेलांटी अक्षराच्या आधी येते, रफार वर जातो, जोडाक्षरं रुंदीला कमी-जास्त होतात. मग मराठी दाखवायची तर पडदा चित्राच्या पद्धतीनं चालवायचा, आकार मेमरीत ठेवायचे आणि जुळवणी करणारा प्रोग्रॅमही मेमरीत ठेवायचा. म्हणजे त्याच ६४० केबीत मराठी माणसाला इंग्रजीवाल्यापेक्षा कमी जागा उरायची.

यावर एक उपाय पुण्यात तयार झाला. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. तिचे संस्थापक कार्यकारी संचालक विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. नांदुऱ्याहून रेल्वेनं पूर्वेला निघालं की शेगाव, अकोला आणि मग मूर्तिजापूर. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम मोहन तांबे यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकमध्ये जिस्ट या नावानं पुढं गेलं. त्यातून जिस्ट कार्ड आलं. ते संगणकाच्या खाचेत बसवलं की डॉसवरचे वर्डस्टार, डीबेससारखे अक्षरांवर चालणारे प्रोग्रॅम भारतीय लिप्यांत वापरता येत. लिपीची जुळवणी कार्डावरच व्हायची.

पण कार्ड म्हटलं की जागा आली. मुख्य मेमरीवरचं ओझं कमी करायला खाचेत आणखी एक कार्ड घालायचं, म्हणजे त्याच गर्दीत आणखी एक वाटेकरी बसवायचा. मराठी लिहिण्याच्या सोयीमागं हा व्यवहार होता आणि तो सांभाळायचं काम गावातल्या ऑपरेटरचं होतं.

हा प्रश्न फक्त छापखान्यांपुरता नव्हता. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. शेतकऱ्याचं नाव, गट, क्षेत्र अशी माहिती संगणकात भरायची हा विचार विदर्भात या काळात आला. ६४० केबीची चणचण हीसुद्धा त्या काळाचीच.

आधी वाचा, मग हात लावा

आता पुन्हा त्या अडलेल्या यंत्राकडं. डिस्कच्या मूळ फोल्डरमध्ये कॉन्फिग.सिस नावाची साधी मजकुराची फाइल असते. यंत्र सुरू होताना ती ओळीनं वाचली जाते. नमुन्यादाखल मी रचलेली एक फाइल बघा (इथं देवनागरीत दिली आहे, यंत्रावर ती रोमनमध्ये असते):

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस एक्स=डी०००-डी७एफएफ
रेम डिव्हाइस=सी:\डॉस\रॅमड्राइव्ह.सिस १०२४
डॉस=हाय,यूएमबी
फाइल्स=४०
डिव्हाइसहाय=सी:\माउस\माउस.सिस

तंत्रज्ञ यात चूक शोधेल. तुम्ही माणूस शोधा. ‘एक्स=’ म्हणजे ‘ही जागा सोड’. डी००० पासून डी७एफएफ पर्यंत ३२ केबी जागा कुणीतरी मुद्दाम सोडायला लावली आहे. म्हणजे या यंत्रात कधीतरी तिथं बसणारं एक कार्ड होतं. आज खाच रिकामी असेल, कार्ड विकलं गेलं असेल, तरी ओळ साक्ष देते. ‘नोईएमएस’ म्हणजे खिडकी नको, त्या ६४ केबीत ड्रायव्हर बसवू. यावरून कळतं की इथं रोज वापरल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमना ईएमएस लागत नव्हतं. ‘फाइल्स=४०’ ही संख्या मोठी असेल तर डीबेस, फॉक्सप्रो किंवा हिशेबाचा एखादा प्रोग्रॅम असण्याची शक्यता वाढते, कारण त्यांना एका वेळी बऱ्याच फाइली उघड्या लागतात. आणि ‘रेम’नं सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही, पण आपण वाचू शकतो. कुणीतरी मेमरीचा काही भाग डिस्कसारखा वापरून बघितला, परवडलं नाही, ओळ काढून न टाकता नुसती बंद करून ठेवली. हस्तलिखितात खोडलेल्या ओळीला जे मोल असतं ते इथं रेमला आहे.

एकच प्रत बघून थांबू नका. डॉस ६ मध्ये मेममेकर नावाचा प्रोग्रॅम होता, तो जागेची मांडणी आपोआप करून द्यायचा. तसं करताना जुनी फाइल कॉन्फिग.यूएमबी या नावानं ठेवून द्यायचा. काही प्रोग्रॅम बसताना कॉन्फिग.बॅक किंवा कॉन्फिग.ओल्ड अशी प्रत मागं ठेवतात. विंडोज ९५ नंतर बसवलं गेलं असेल तर आधीची फाइल कॉन्फिग.डॉस नावानं सापडू शकते. हे सगळे पाठभेद आहेत. भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ एवढा काळ घालवून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिचं तत्त्व इथंही चालतं: उपलब्ध प्रती समोर ठेवा, फरक टिपा, कोणती आधीची आणि कोणती नंतरची ते ठरवा, आणि स्वतःला सोयीचा पाठ मूळ म्हणून दामटू नका. फाइलींच्या तारखा मदत करतात, पण यंत्रातली घड्याळाची बॅटरी संपलेली असली तर तारखा खोट्या असतात. एखाद्या फाइलवर १९८० सालचा जानेवारी दिसला तर तो इतिहास समजू नका, घड्याळ शून्यावर गेल्याची ती खूण आहे.

भांडण सोडवायचा क्रम

आता प्रत्यक्ष काम. क्रम महत्त्वाचा आहे, उलटापालट करू नका.

पहिलं काम, वीज जोडण्याआधी झाकण उघडून आतली बॅटरी बघा. जुन्या बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून आजूबाजूचं तांबं खाते. तसं दिसलं तर वीज देऊच नका. प्रत्येक कार्डाचा आणि त्यावरच्या जंपरांचा फोटो काढा. कार्ड कुठल्या खाचेत होतं तेही लिहा. डिस्कवरच्या लेबलावर सिलिंडर, हेड, सेक्टर हे आकडे असतात, ते उतरवून घ्या. बॅटरी संपल्यामुळं यंत्र आपली डिस्क विसरलं असेल तर सेटअपमध्ये हेच आकडे भरावे लागतात. कितीतरी ‘खराब’ डिस्का फक्त एवढ्यामुळं भंगारात जातात.

दुसरं, जमत असेल तर डिस्क बाहेर काढून, तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही अशा जोडणीनं, तिची पूर्ण प्रतिमा दुसऱ्या संगणकात उतरवा. पुढचे प्रयोग फसले तरी साधन हातात राहील.

तिसरं, यंत्र सुरू करा. डॉस ६ असेल तर ‘डॉस सुरू होत आहे’ अशा अर्थाची ओळ दिसताच एफ५ दाबा. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन्ही फाइली टाळून यंत्र सुरू होईल. त्याआधीचा डॉस असेल तर फ्लॉपीवरून सुरू करा. यंत्र असं नीट सुरू झालं, तर मूळ यंत्र बहुधा ठीक आहे आणि भांडण ड्रायव्हरांत आहे. एवढ्या एका पायरीनं अर्धा प्रश्न सुटतो. आता त्या दोन्ही फाइलींच्या प्रती फ्लॉपीवर घ्या.

चौथं, पुन्हा सुरू करा आणि या वेळी एफ८ दाबा. प्रत्येक ओळीला यंत्र विचारेल, ‘ही करू का?’ एकेक ओळ होकार देत जा. ज्या ओळीनंतर यंत्र थांबेल ती लिहून ठेवा. थांबणारी ओळ दोषी असतेच असं नाही, कधी ती आधीच्या दोषाची बळी असते. पण शोधाची हद्द ठरते.

पाचवं, ओळींचा क्रम तपासा. हायमेम आधी, ईएमएम३८६ नंतर, आणि ‘डिव्हाइसहाय’च्या ओळी या दोघांच्याही नंतर. मेमरीचा कारभारी एकच. दुसरा असेल तर त्याच्या ओळीला रेम लावा, ओळ पुसू नका.

सहावं, अडचण ईएमएम३८६ पाशी असेल तर त्याच्या ओळीत तात्पुरतं एक्स=ए०००-एफएफएफएफ असं लिहा. म्हणजे वरचा सगळा ३८४ केबीचा पट्टा सोडून दे. यंत्र सुरू झालं, तर भांडण वरच्या जागेचंच आहे हे नक्की. मग निम्मा पट्टा सोडा, निम्मा वापरा. जो निम्मा त्रास देतो त्याचे पुन्हा दोन भाग करा. पाच-सहा वेळा असं केलं की नेमकी जागा हाती येते. ती कार्डाच्या जंपरशी ताडून बघा. विंडोज ३.१ सुरू होताना अडत असेल तर त्यासाठीही असाच प्रयोग आहे: विन /डी:एक्स. तोही वरचा पट्टा न वापरता विंडोज सुरू करतो.

सातवं, हायमेमच अडत असेल तर प्रश्न ए२० चा किंवा मेमरीच्या पट्ट्यांचा. ए२० साठी हायमेमला /मशीन: हा पर्याय देऊन यंत्राचा प्रकार सांगता येतो. पट्ट्यांसाठी त्या काढून, टोकं पुसून पुन्हा बसवा. ३० टाचण्यांच्या पट्ट्या ३८६एसएक्समध्ये दोन-दोनच्या आणि ३८६डीएक्स किंवा ४८६ मध्ये चार-चारच्या गटानं लागतात, एखादीच काढून चालत नाही. डॉस ६.२ पासून हायमेम सुरुवातीला मेमरी तपासतोही, तेव्हा त्याच्या तक्रारीकडं दुर्लक्ष करू नका.

आठवं, यंत्र चालू झालं की मेम /सी ही आज्ञा द्या. कोणता ड्रायव्हर किती जागा घेतो, खाली बसला आहे की वर, याचा तक्ता येतो. तो फोटो काढून ठेवा. एमएसडी नावाचा तपासणी प्रोग्रॅम असेल तर वरच्या पट्ट्याचा नकाशाही मिळेल.

आणि मेममेकर चालवू नका. तो फाइली आपल्या मनानं पुन्हा लिहितो. वापरणाऱ्यासाठी ते वरदान होतं, तुमच्यासाठी तो पुराव्यावर पुन्हा लिहिणारा लेखनिक आहे.

या सगळ्यात एकच नियम पाळायचा: एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. काय बदललं, काय झालं, किती वाजता. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र सुरू झालं, तर ते का सुरू झालं हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. समाजशास्त्रातल्या चलांबद्दल पुस्तकात जे वाचता ते इथं हातानं कळतं.

हे सगळं कशासाठी?

कुणी विचारेल, डॉसबॉक्ससारखा अनुकारक असताना एवढा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. डिस्कची प्रतिमा हाती आली की डॉसबॉक्समध्ये पुष्कळसे जुने प्रोग्रॅम चालतात. मजकूर मिळवणं एवढाच हेतू असेल तर तो मार्ग घ्या. फायली इस्की या भारतीय प्रमाणात असतील तर त्या युनिकोडमध्ये आणणं तुलनेनं सोपं आहे, कारण युनिकोडचा देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीवरच बेतलेला आहे. पण एखाद्या कंपनीच्या खास फॉन्टमध्ये टंकलेलं असेल तर प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी. तिथं तोच फॉन्ट आणि तोच प्रोग्रॅम मिळाला नाही, तर पडद्यावर फक्त चित्रविचित्र रोमन चिन्हं दिसतील. अशा वेळी मूळ यंत्र हाच शब्दकोश असतो.

शिवाय डॉसबॉक्स मेमरीची वाटणी स्वतःच करून देतो. तिथं भांडण होत नाही. म्हणजे १९९३ साली ज्या कामात ऑपरेटरची अर्धी रात्र गेली असेल, ते काम अनुकारकात दिसतच नाही. तुमचा विषय तंत्रज्ञान वापरणाऱ्यांचा इतिहास असेल, तर नेमकी हीच रात्र तुम्हाला हवी आहे. संगणकाच्या इतिहासात कंपन्यांची नावं येतात, शोध लावणाऱ्यांची येतात. तालुक्याच्या गावात बसून, मॅन्युअल हाताशी नसताना, परक्या भाषेतल्या सूचना अंदाजानं लावत कार्डाची जागा शोधणाऱ्याचं नाव कुठं येत नाही. त्याचा पुरावा म्हणजे ‘एक्स=’ नंतरचे आठ अंक-अक्षरं.

तेव्हा ही फाइल एकटी वापरू नका, तिच्या बाजूला कागद ठेवा. शाळा आणि कार्यालयांत जडवस्तू संग्रह नोंदवही, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, असते. त्यात यंत्र कधी घेतलं, कितीला घेतलं आणि निर्लेखन कधी झालं हे सापडतं. खरेदीचं बिल, देखभालीचा करार, कार्डाबरोबर आलेली पुस्तिका, फ्लॉपीवरची हातानं लिहिलेली लेबलं, हे सगळं मागा. आणि ऑपरेटर हयात असेल तर त्याला भेटायला जाताना कॉन्फिग.सिसचा छापील कागद घेऊन जा. ‘तुमचे अनुभव सांगा’ असं विचारलं की माणसं ठरावीक उत्तरं देतात. ‘दादा, ही डी००० ची ओळ तुम्ही घातली होती का? कशासाठी?’ असं विचारलं की मुलाखत वेगळ्याच वाटेनं जाते. बोलण्याआधी रीतसर संमती घ्या आणि प्रबंधात त्यांचं नाव घालायचं की नाही हे त्यांनाच ठरवू द्या. डिस्कवर ग्राहकांची, सभासदांची, विद्यार्थ्यांची माहिती असेल तर ती तुमची नाही. तिच्याबद्दलचा निर्णय आधी लेखी करून घ्या.

घाई एवढ्याचसाठी आहे की निर्लेखन झालेली यंत्रं किलोवर विकली जातात. गळणारी बॅटरी कुणाची वाट बघत नाही आणि त्या काळातल्या डिस्का आता तीस वर्षांच्या झाल्या आहेत. सिनॉप्सिस मंजूर होईपर्यंत थांबलात तर मंजुरी मिळेल आणि यंत्र गेलेलं असेल. आपल्या गावातल्या तीन ठिकाणी या आठवड्यातच जाऊन या: छापखाना, पतसंस्था आणि जुनी शाळा. सोबत वही, फोन, स्क्रू-ड्रायव्हर आणि एक सुरू होणारी डॉसची फ्लॉपी एवढं पुरे.